इतर हक्क

ठराव क्रमांक सतरा मी लिहिला.
पंचायतीचा कारकून मी, अक्षर बरं आहे एवढीच पात्रता.
सूचक गयाबाई लोखंडे, अनुमोदक शेख मगदूम.
बाहेर वसमत रोडवर रोलर चालू होता
म्हणून अर्धी सभा ओरडूनच झाली.

लिहिलं:
ओढ्यापलीकडची दोनशे दहा एकर काळी
काळीच राहील.
विकता येईल, वाटता येईल, लेकीच्या नावावर करता येईल,
पण तिचे गुंठे पडणार नाहीत,
तिच्या तोंडाशी कमान उभी राहणार नाही.
बदल्यात बाजारवसुलीतून एकरी ठरलेली रक्कम,
दर पाडव्याला.

प्लॉट पाडायचा हक्क तेवढा पंचायतीकडे ठेवायचा
अन् पंचायतीनं तो कधी वापरायचा नाही.
मागून कुणीतरी म्हणालं,
म्हणजे कुलूप लावून किल्ली विहिरीत?
तसंच, गयाबाई म्हणाली.
विहीर आपलीच आहे.

जुनी माणसं गावाचे दोनच भाग करायची,
पांढरी अन् काळी.
पांढरीत राख, खापरं, किती चुलींची धूळ,
ती माती भिंतीला धरून ठेवते.
काळी नाही धरत.
उन्हाळ्यात उलते, पाय जाईल एवढी,
पावसात फुगते,
वर काय बांधलंय ते बघत नाही.

मला माहीत आहे. मी प्लॉट नंबर चौदावर राहतो.
रोडच्या अलीकडे आमचं दीड एकर होतं,
मीच विकलं
अन् त्यातलाच एक तुकडा
सहापट भावानं परत घेतला.
चौकटीपासून स्लॅबपर्यंत तिरपी भेग गेली आहे.
दर दिवाळीला सिमेंट भरतो.
दर वैशाखात ती शेजारून उघडते.
हे इतिवृत्तात नाही.

गजेंद्र मुळे यांनी विरोध नोंदवला:
माझी पोरगी औरंगाबादला शिकती,
तिची फी तुमच्या बाजारवसुलीत बसत नाही.
त्याचं वावर नेमकं मधोमध,
पांढरे दगड आधीच रोवलेले.
त्याचं बोलणं मी एक शब्द न गाळता लिहिलं.
त्याला कुणी उत्तर दिलं नाही.
सभा संपली तेव्हा मगदूमभाई त्याच्याच गाडीवर मागं बसून गेले.

मग ठराव घेऊन तलाठ्याकडे गेलो.
भला पोरगा, हिंगोलीकडचा.
काका, म्हणाला, याला रकानाच नाही.
पीक आहे, पड आहे, बोजा आहे,
विहिरीतला चार आणे हिस्सा आहे,
गाडीवाट आहे,
जमिनीनं जमीन राहायचं हे मी कुठं चढवू?

इतर हक्कात चढव, म्हटलं.
बैलगाडीला दुसऱ्याच्या रानातून वाट देता,
पाटाच्या पाण्याला देता,
तशी ही ज्वारीची वहिवाट समज.
माझ्या आज्याच्या आधीपासून
तिचं येणं-जाणं आहे इथून.

तो हसला.
कॉम्प्युटर हे घेत नाही, म्हणाला,
पण जुन्या रजिस्टरच्या कडेला त्यानं लिहिलं काहीतरी,
पेन्सिलीनं.
वर विचारतो.

सात महिने झाले. वरून काही आलं नाही.
रोलर गेला, डांबराचं पिंप तिथंच राहिलं.
काल ओढ्यापलीकडे सहज चक्कर मारली.
गजेंद्रनं दगड काढलेले नाहीत
अन् पेरायचंही सोडलेलं नाही.
तिफण प्रत्येक दगडापाशी जरा वळून गेली आहे.
करडईच्या ओळी वाकड्या आल्यात,
प्लॉट नंबर नऊवर, दहावर,
जिथं नकाशात बालोद्यान होतं तिथंही.
मी त्याला काही विचारलं नाही.
त्यानंही सांगितलं नाही.
एक काटा पायात मोडला तेवढा त्यानं काढून दिला.

महिन्यातून एकदा मी तलाठ्याकडे चहाला जातो.
इकडचं तिकडचं बोलतो,
तो फोन घ्यायला बाहेर गेला की रजिस्टर उघडतो.
आहे अजून.
जरा पुसट झालंय.
मागच्या वेळी खिशात पेन होतं माझ्या.